अद्‌भुत-साहसकथांची नियतकालिके, मराठी

विस्मयकारक घटना, अपरिचित किंवा कल्पित भूप्रदेश, अतिमानुष शक्ती आणि त्यांच्याशी झुंजणारा नायक ह्यांभोवती गुंफलेल्या लघुकथा प्रामुख्याने प्रसिद्ध करणारी मासिके व वार्षिके ह्यांचा विचार येथे केला आहे. भारतीय रसव्यवस्थेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर विस्मय हा स्थायीभाव असलेला अद्‌भुत रस आणि उत्साह हा स्थायीभाव असलेला वीररस ह्यांचा संयोग अशा कथेत झालेला असतो. तिच्यात भयानकाची छटा पुष्कळदा असते. तथापि केवळ भय उत्पन्न करणारी पिशाचकथा किंवा केवळ बुद्धीला आव्हान देणारी गुन्हेशोधकथा ह्यांहून ती वेगळी होय. हा भेद तात्त्विक दृष्ट्या स्पष्ट असला, तरी मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात तो कधीच काटेकोरपणे पाळला गेला नाही. समुद्रसफर, पछाडलेला वाडा, परग्रहावरील जीव आणि अरण्यातील शिकार ह्या विषयांवरील कथा एकाच मासिकात शेजारी शेजारी नांदत आल्या. ही सरमिसळ पुष्कळांना दोषास्पद वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळेच ही नियतकालिके तगली. मराठीसारख्या मर्यादित वाचकसंख्येच्या भाषेत एकाच उपप्रकारावर मासिक चालविणे अवघड होते.

ह्या कथाप्रकाराचा मराठीतील इतिहास ग्रंथांपेक्षा नियतकालिकांत अधिक सापडतो. त्यातील कादंबऱ्या पुस्तकरूपाने निघाल्या. लघुकथा मात्र बहुतांशी अंकांच्या पानांतच राहिल्या. त्यामुळे अंक जपले गेले तेवढाच इतिहास शिल्लक उरला, असे म्हणावे लागते.

मराठी मुद्रणाच्या प्रारंभापासूनच अद्‌भुत कथेला वाचक लाभलेला दिसतो. श्रीरामपूर येथे १८१४ मध्ये छापलेली सिंहासन बत्तिशी आणि सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची वेताळपंचविशी (१८३०) ही आरंभीची पुस्तके ह्याच परंपरेतील आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले ह्यांच्या हातून पुढे गेलेले अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हे भाषांतर तर अनेक पिढ्यांनी वाचले. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची मंजुघोषा ह्या कादंबऱ्यांतून राजपुत्र, राजकन्या, अपहरण, अरण्य, योगायोग आणि सुखान्त पुनर्मीलन ह्यांचा एक साचा रूढ झाला. काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी आपल्या नावल व नाटक ह्यांविषयी निबंध (१८७२) ह्या प्रबंधात ह्या लेखनाची परखड चिकित्सा केली. अद्‌भुताविषयी मराठी समीक्षेच्या मनात जी अढी पुढे शंभर वर्षे टिकून राहिली, तिची सुरुवात येथे झाली असे मानण्यास हरकत नाही. इंग्रजीतील कादंबरीवाचक शब्दापासून मराठीत त्या काळी ‘नावल’ हा शब्द आला होता. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी अद्‌भुत कथांना वाहिलेल्या मासिकाने ‘नवल’ हे नाव घेतले. हा केवळ योगायोग असला, तरी मोठा गमतीचा आहे.

नियतकालिकांत साहसकथा प्रथम आली ती क्रमशः कादंबरीच्या रूपाने. १८६७ मध्ये सुरू झालेल्या विविधज्ञानविस्तार ह्या मासिकातून रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची मोचनगड ही कादंबरी क्रमाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील किल्ला, कैद, वेषांतर आणि सुटका ही सामग्री साहसकथेचीच आहे. मात्र अद्‌भुताची जागा तिच्यात इतिहासाने घेतली. ह्या पर्यायाचा मराठीवर दीर्घकाळ परिणाम झाला. ज्या वाचकाला शौर्य, संकट आणि दूरचा काळ हवा होता, त्याची भूक शिवकाल भागवू लागला आणि कल्पित राज्यांची गरज तितक्या तीव्रतेने उरली नाही. इंग्रजीत किंवा तेलुगूत काल्पनिक राजे आणि मांत्रिक ह्यांच्या कथांचे जे पीक आले, ते मराठीत तितक्या जोमाने का आले नाही, ह्याचे एक कारण येथे शोधता येईल.

हरि नारायण आपटे ह्यांच्या करमणूक (१८९०) ह्या साप्ताहिकातील स्फुट गोष्टी आणि काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या मनोरंजन (१८९५) ह्या मासिकातील संपूर्ण गोष्टी ह्यांमुळे मराठी लघुकथेला बैठक मिळाली. ह्या दोन्ही नियतकालिकांचा कल कौटुंबिक व सामाजिक विषयांकडे होता. अद्‌भुत साहसाचा धागा ह्या काळात एका अनपेक्षित ठिकाणी आढळतो. कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांनी कोचीन येथे राहून १८८६ पासून चालविलेल्या केरळ कोकिळ ह्या मासिकात १९०० च्या सुमारास झ्यूल व्हेर्न ह्यांच्या चांद्रसफरीच्या कादंबरीचे रूपांतर चंद्रलोकची सफर ह्या नावाने प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या संपादकाने मराठी वाचकाला चंद्रावर नेले, ही घटना मराठी नियतकालिकांच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. व्हेर्न स्वतःही नियतकालिकाचाच लेखक होता. एत्झेल ह्या प्रकाशकाने पॅरिसमध्ये १८६४ साली काढलेल्या शिक्षण व मनोरंजनविषयक पाक्षिकातून त्याच्या अनेक कादंबऱ्या प्रथम क्रमशः छापल्या गेल्या. पुढे नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) ह्यांच्या वीरधवल (१९१३) ह्या कादंबरीने अद्‌भुतरम्य साहसाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडल्यामुळे नाथमाधवांना कायमचे अपंगत्व आले आणि त्यानंतर ते लेखनाकडे वळले. ह्याच सुमारास श्री. बा. रानडे ह्यांची तारेचे हास्य ही विज्ञानकल्पित कथा आली. परंतु ही सारी तुरळक उदाहरणे होत. अशा कथांसाठीच निघालेले मासिक ह्या काळात दिसत नाही.

अशा मासिकाची कल्पना अमेरिकेत रुजली होती. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त व खरबरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या कथामासिकांची प्रथा तेथे १८९६ मध्ये आर्गसी ह्या मासिकाने पाडली. शिकागो येथे मार्च १९२३ मध्ये निघालेले वीअर्ड टेल्स हे केवळ अद्‌भुत व भयप्रद कथांना वाहिलेले मासिक होते. रॉबर्ट ई. हॉवर्ड ह्याने निर्माण केलेला कोनन हा रानटी योद्धा १९३२ च्या डिसेंबर अंकात प्रथम अवतरला, तोही ह्याच मासिकात. ह्यूगो गर्न्सबॅक ह्याने एप्रिल १९२६ मध्ये अमेझिंग स्टोरीज काढून विज्ञानकथेला स्वतंत्र मासिक दिले. लेखकाला शब्दावर मोबदला, भडक मुखपृष्ठ, कमी किंमत आणि पत्रव्यवहाराचे वाचकप्रिय सदर ही ह्या मासिकांची वैशिष्ट्ये होती. त्यांतील पुष्कळांची आर्थिक अवस्था बेताचीच असे. १९३९ मध्ये निघालेले आणि दर्जाच्या दृष्टीने नावाजलेले अननोन हे मासिक युद्धकालीन कागदटंचाईमुळे १९४३ मध्ये बंद पडले. खुद्द वीअर्ड टेल्सचे पहिले पर्व १९५४ मध्ये संपले. भारतीय भाषांतही असे प्रयत्न झाले. त्यांत अद्रीश वर्धन ह्यांनी १९६३ मध्ये कलकत्ता येथे काढलेले आश्चर्य हे बंगाली मासिक उल्लेखनीय आहे.

मराठीत ह्या कथाप्रकाराला स्वतःचे घर दिले ते अनंत अंतरकर (१९११–६६) ह्यांनी. अंतरकरांनी १९४६ मध्ये हंस हे मासिक काढले. (प्रेमचंदांनी १९३० मध्ये काढलेल्या ह्याच नावाच्या हिंदी मासिकाशी त्याचा संबंध नाही.) त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी मोहिनी आणि नवल ही आणखी दोन मासिके सुरू केली. तिन्ही मासिकांत त्यांनी केलेली वाटणी विचारपूर्वक होती. गंभीर व वाङ्‌मयीन महत्त्वाकांक्षा असलेली कथा हंसकडे, विनोद व हलकेफुलके लेखन मोहिनीकडे आणि अद्‌भुत, गूढ, भयप्रद, साहसप्रधान व विज्ञानकल्पित कथा नवलकडे, अशी ती विभागणी होती. एकच संपादक तिन्ही मासिकांकडे सारख्याच आस्थेने पाहत असल्यामुळे नवलला दुय्यम वागणूक मिळाली नाही. ह्या गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे. अन्यत्र अद्‌भुत कथा ही अंकाची पाने भरण्याची सोय समजली जाई. अंतरकरांनी तिला पारखून घेतले. हंसच्या कथांना लावलेली भाषेची व बांधणीची कसोटी नवलच्या कथेलाही लागू होते, ही त्यांची भूमिका होती, असे त्यांच्या संपादनकार्यावरून दिसते. जी. ए. कुलकर्णी ह्यांच्यासारखा श्रेष्ठ कथाकार हंसशी जोडला गेला. ह्या संबंधाची हकिकत अनंतरावांचे पुत्र आणि पुढील संपादक आनंद अंतरकर ह्यांनी एक धारवाडी कहाणी ह्या पुस्तकात सांगितली आहे. द. पां. खांबेटे ह्यांच्यासारख्या, मराठी समीक्षेने फारशी दखल न घेतलेल्या परंतु विलक्षण कल्पकतेच्या लेखकाला वाव मिळाला, तोही ह्याच मासिकांच्या परिवारात.

नवलचा काळ हा नवकथेचा काळ होता. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ह्यांनी मराठी कथेला मनोविश्लेषणाची, अनुभवाच्या प्रामाणिकपणाची व घटनांच्या काटकसरीची दिशा दिली होती. घटना ही जिची कणा आहे अशी कथा त्यामुळे जुनाट वाटू लागली होती. अशा वेळी ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न वाचकाला विचारावयास लावणाऱ्या कथांसाठी स्वतंत्र मासिक काढणे हा एका अर्थी प्रवाहाविरुद्धचा निर्णय होता. हा निर्णय घेणारा संपादक स्वतः नवकथेचा विरोधक नव्हता, हे हंसच्या अंकांवरून स्पष्ट होते. कथेच्या दोन्ही वाटा त्याला मान्य होत्या. मराठी वाङ्‌मयेतिहासकारांनी अंतरकरांच्या हंसची नोंद घेतली; नवलची घेतली ती ओझरती. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा असला तरी चालले असते, कारण गंभीर कथेला आश्रय देणारी मासिके सत्यकथेसह इतरही होती, अद्‌भुताला मात्र दुसरे दार नव्हते.

असे मासिक चालविणे म्हणजे काय असे, ह्याची कल्पना आजच्या वाचकाला येणे कठीण आहे. मजकुराची जुळणी खिळ्यांनी हाताने होत असे. प्रत्येक चित्रासाठी जस्ताचा ठसा (ब्लॉक) करवून घ्यावा लागे आणि रंगीत मुखपृष्ठासाठी प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. अद्‌भुत कथेला चित्रावाचून गत्यंतर नसते. कौटुंबिक कथा चित्राविना छापता येते, पण अज्ञात बेटावरील राक्षसी प्राण्याला चित्रकार लागतोच. त्यामुळे ह्या मासिकांचा ठशांवरील खर्च इतर कथामासिकांहून साहजिकच अधिक येई. उत्पन्नाच्या बाजूला वर्गणी, विक्रेत्यांकडील किरकोळ विक्री आणि जाहिराती ही तीनच साधने होती. त्यांतील जाहिरातींचा ओघ स्त्रियांच्या किंवा कौटुंबिक मासिकांकडे असे. साबण, तेल, शिवणयंत्र किंवा बाळऔषध विकणाऱ्याला भुतांच्या शेजारी आपला माल मांडणे फारसे रुचत नसावे. किरकोळ विक्रीत छापील किंमतीचा मोठा हिस्सा विक्रेत्याकडे जाई व न खपलेले अंक परत येत. शिवाय एका अंकाचे वाचक अनेक असत. वाचनालयात आलेला अंक हातोहात फिरे आणि तेवढ्या प्रमाणात विक्री घटे. वाचनालयांनी हा कथाप्रकार वाढविला आणि त्याच्या मासिकांचे उत्पन्नही मर्यादित ठेवले, असा हा दुहेरी परिणाम होता.

दुसरी अडचण मजकुराची. दरमहा आठ-दहा नवीन अद्‌भुत कथा लिहून देतील एवढे लेखक मराठीत नव्हते. मोबदला अल्प असल्याने केवळ त्यावर जगणारा लेखक संभवत नव्हता. नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून लिहिणाऱ्यांवरच संपादकाची भिस्त असे. ही उणीव रूपांतरांनी भरून निघाली. इंग्रजी मासिकांतील व संग्रहांतील कथांना मराठी नावे, मराठी गावे आणि मराठी घरे देऊन त्या छापल्या जात. मूळ लेखकाचा उल्लेख कधी होई, कधी ‘आधारित’ एवढ्यावर भागे आणि कधी तेवढेही नसे. ह्या प्रथेचे समर्थन करता येणार नाही. तथापि तिचा एक लाभही झाला. परक्या कथेला कोकणातील वाडीत किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी बसविताना लेखकांना आपल्या भूमीतील अद्‌भुताच्या जागा दिसू लागल्या. नारायण धारप (१९२५–२००८) हे ह्या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी भयकथांचे ऋण घेऊनही समर्थ हा त्यांचा नायक संपूर्णपणे मराठी आहे. तपश्चर्येने मिळविलेले सामर्थ्य तो दुष्ट शक्तींच्या निवारणासाठी वापरतो आणि त्याच्या नावातच महाराष्ट्राच्या संतपरंपरेची स्मृती आहे. वीअर्ड टेल्समधील नायक बाहुबळावर विसंबतो. समर्थाची साधना ही त्याची तलवार आहे.

प्रौढांच्या ह्या मासिकांशी समांतर असा एक प्रवाह बालवाचकांसाठी वाहत होता आणि खपाच्या दृष्टीने तो कितीतरी मोठा होता. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी ह्यांनी मद्रास येथून जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेल्या चंदामामा ह्या मासिकाची मराठी आवृत्ती चांदोबा ह्या नावाने १९५२ मध्ये निघू लागली. विक्रम-वेताळाच्या कथेबरोबरच तिच्यात प्रत्येक महिन्याला एका दीर्घ साहसकथेचा भाग असे. शापित राजपुत्र, कपटी मांत्रिक, पाताळातील नगरे आणि विचित्र प्राणी ह्यांनी गजबजलेल्या ह्या मालिका १९५४ पासून दासरी सुब्रह्मण्यम (१९३२–२०१०) हे मुळात तेलुगूत लिहीत. मासिकात लेखकाचे नाव छापण्याची पद्धत नसल्याने महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांनी त्यांना कधी ओळखले नाही. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी जो अद्‌भुत-साहसाचा संस्कार घेतला, त्याचा एक मोठा वाटा अशा रीतीने आंध्रच्या एका अनामिक लेखकाकडून आला. मराठीतच निर्माण झालेले साहस मुलांना दिले ते भा. रा. भागवत (१९१०–२००१) ह्यांनी. १९५१ च्या सुमारास त्यांनी बालमित्र हे मासिक काढले. ते अल्पायुषी ठरले, पण त्यांचे व्हेर्नचे अनुवाद आणि फास्टर फेणे हा नायक टिकून राहिले. चांदोबाचे प्रकाशन १९९८ मध्ये खंडित झाले, पुढील वर्षी पुन्हा सुरू झाले आणि मालकी बदलल्यानंतर २०१३ च्या सुमारास कायमचे थांबले.

नागपूरचा विचार येथे करणे अगत्याचे आहे, कारण विशेष विषयाला वाहिलेले मासिक पुण्या-मुंबईबाहेर चालत नाही, हा समज नागपूरने खोटा पाडला होता. उद्योगधंद्यांची माहिती देणारे उद्यम हे मासिक नागपुरातून निघत असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात येथेच मोडक कुटुंबाने सुरू केलेले मुलांचे मासिक हे मराठीतील अत्यंत दीर्घायुषी बालमासिकांपैकी एक ठरले. विदर्भ साहित्य संघाचे (स्थापना १९२३) युगवाणी हे नियतकालिकही येथलेच. ग. त्र्यं. माडखोलकर ह्यांनी नावारूपाला आणलेले तरुण भारत हे दैनिक रामदासपेठेतून प्रसिद्ध होत आले. म्हणजे छापखाने, संपादक आणि वाचक ह्यांची येथे वाण नव्हती. तरीही नवलच्या तोडीचे अद्‌भुत कथांचे मासिक नागपुरात उभे राहिले नाही. ह्याला दोन कारणे संभवतात. पहिले भाषिक. १९५६ पर्यंत नागपूर हे हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताचे राजधानीचे शहर होते. देवकीनंदन खत्री ह्यांच्या चंद्रकांतापासून चालत आलेली तिलिस्म व ऐयारी ह्यांची हिंदी परंपरा आणि नंतरची स्वस्त हिंदी पुस्तके येथील मराठी वाचकाला सहज उपलब्ध होती. साहसाची हौस भागविण्यास त्याला मराठी मासिकाची वाट पाहावी लागत नव्हती. दुसरे कारण व्यावहारिक. कथाचित्रे काढणारे व्यावसायिक चित्रकार आणि राज्यभर वितरण करणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत एकवटल्या होत्या. बालमासिक शाळांच्या आधाराने आणि उद्यमसारखे मासिक उपयुक्ततेच्या आधाराने दूरवर पोहोचले. निव्वळ कल्पित कथेच्या मासिकाला असा आधार नव्हता. विदर्भातील लोककथांत अरण्य, गोंड राजे, गढ्या आणि भूमिगत धन ह्यांचे जे समृद्ध भांडार आहे, ते त्यामुळे लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या वाट्याला आले, कथालेखकांच्या हाती फारसे लागले नाही.

अनंत अंतरकरांचे १९६६ मध्ये निधन झाले. त्यानंतर आनंद अंतरकर ह्यांनी तिन्ही मासिके पुढे चालविली. परंतु मासिक म्हणून ती टिकविणे उत्तरोत्तर कठीण होत गेले आणि अखेरीस ती दिवाळी अंकांपुरती उरली. हे केवळ ह्या तीन मासिकांचे झाले असे नाही. मनोरंजनने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हळूहळू मराठी नियतकालिकांचे सारे बळ वर्षातील एका महिन्यात साठत गेले होते. जाहिरातदार त्या एका अंकासाठी हात सैल सोडतात, वाचनालये स्वतंत्र तरतूद करतात आणि लेखकही आपले उत्तम लेखन त्यासाठी राखून ठेवतात. अद्‌भुत कथेने ही वस्तुस्थिती लवकर ओळखली. शंकरराव कुलकर्णी ह्यांनी मुंबईत १९६१ मध्ये सुरू केलेला धनंजय हा अंक पहिल्यापासूनच वार्षिक होता. रहस्य, गूढ, अद्‌भुत, साहस व विज्ञान ह्या कथांना वाहिलेला हा अंक साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. बाबुराव अर्णाळकर (१९०६–९६) ह्यांच्या एका लोकप्रिय नायकाचे नावही धनंजय हेच. मासिकाच्या तुलनेत वार्षिकाचे फायदे उघड आहेत. पण तोटाही आहे. क्रमशः मालिका वार्षिकात चालत नाही आणि वाचकांच्या पत्रांतून दरमहा होणारा संवाद संपतो. अमेरिकेत वाचकपत्रांच्या सदरातून पुढचे लेखक घडले. मराठीत ही वाट बंद झाली. वर्षातून एकदा छापून येणारा नवोदित लेखक पुढच्या दिवाळीपर्यंत लिहिता राहीलच, ह्याची शाश्वती नसते.

सत्तरीच्या दशकात ह्या कथाप्रकाराला थोडी प्रतिष्ठा मिळाली, ती दोन निरनिराळ्या दिशांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांनी नारायण विनायक जगताप ह्या नावाने कृष्णविवर ही कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. पुढील वर्षी कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत ह्यांनी विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. विज्ञानाच्या आधाराने आलेले अद्‌भुत मान्य झाले. निखळ अद्‌भुत मात्र बाहेरच राहिले. दुसरी दिशा जी. ए. कुलकर्णी ह्यांची. त्यांच्या रमलखुणा (१९७५) ह्या संग्रहातील प्रवासी आणि इस्किलार ह्या दीर्घकथा बाह्यतः अद्‌भुत-साहसकथाच आहेत. अनाम प्रदेशातून जाणारा पथिक, देवता, भविष्यकथन, वधाची आज्ञा आणि निर्जन वाटा ही त्यांची सामग्री कोणत्याही साहसकथामासिकातील कथेला ओळखीची वाटेल. समीक्षकांनी त्यांचा विचार नियती, रूपक आणि मिथक ह्या अंगांनी केला व तो योग्यच होता. परंतु त्या कथांतील घटनांची पकड, प्रवासाचा वेग आणि विस्मयाची योजना ज्या कथापरंपरेतून येते, तिचे नाव घेण्यास ही समीक्षा कचरली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या गूढकथांच्या बाबतीतही पुष्कळ काळ हेच घडले.

अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची आहे. शंकर गणेश दाते, दि. वि. काळे व शं. ना. बर्वे ह्यांची मराठी नियतकालिकांची सूची १९५० पर्यंतच्या नियतकालिकांचा परामर्श घेते. नवल, धनंजय आणि त्यांच्या बरोबरीची इतर प्रकाशने नेमकी त्यानंतरची असल्याने कोणती कथा कोणी, केव्हा व कोठे लिहिली, ह्याचा धांडोळा घेण्यास एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अंक प्रत्यक्ष चाळणे. अंक मिळणे मात्र दुर्घट झाले आहे. बहुतेक सार्वजनिक वाचनालये ललित मासिकांचे जुने अंक बांधून ठेवीत नाहीत. जागेच्या अडचणीमुळे ते काही वर्षांनी रद्दीत काढले जातात. गंभीर मासिकांचे संच निदान विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आढळतात. अद्‌भुत कथांचे अंक करमणुकीचे समजले गेल्याने तेथवर पोहोचलेच नाहीत. त्यांचा कागद आम्लयुक्त व ठिसूळ असून पिना गंजून पाने सुटतात. ह्या अंकांपैकी जे आज उपलब्ध होतात, ते बहुधा खाजगी संग्राहकांच्या कपाटांतून आणि पुणे, मुंबई व नागपूर येथील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडून. आवरण गेलेले, पहिली चार पाने नसलेले असे अंक पुष्कळ असतात आणि अनुक्रमणिका बहुधा त्या चार पानांतच असते.